नवीन हँडल घरीच बसवतोयस तर आधी केबल बघ

भाऊ, बाइकचं हँडल घरी बसवणं काही अवघड नाही, पण नागपूरच्या उन्हात दुपारी अंगणात नको बसू, सकाळी सहालाच सुरू कर. आधी जुन्या हँडलची जाडी मोजून घे, २२ मिमी आहे का २८.६, नाहीतर हँडल पकडणाऱ्या क्लॅम्पमध्ये नवीन बसणारच नाही. पेट्रोल टाकीवर जाड गोधडी टाक, ब्रेक ऑइल सांडलं की रंग गेलाच समज, आणि मास्टर सिलिंडर (हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी) सोडला की उलटा लटकू देऊ नको, हवा शिरते.

आता खरी गोष्ट केबलची. उंच हँडल घेतलं असशील तर क्लच, अॅक्सिलरेटर अन् ब्रेकचा पाइप पुरतो का ते बघच, गाडी सुरू करून न्यूट्रलवर हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळव, इंजिनचा आवाज वाढला म्हणजे केबल ताणली जातेय. माझ्या गाडीचा आवाज असाच वाढायचा, मी चिखलदऱ्याला निघायच्या आदल्या रात्री पकडलं म्हणून बरं! स्विचच्या डब्याला आतून बारीक पिन असते, तिच्यासाठी हँडलला भोक पाडावं लागतं, ती पिन घासून टाकू नको रे, स्विच फिरत राहतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोर मोजून कसणारा पाना) कस, आकडा मॅन्युअलमध्ये असतो. पहिली चक्कर जवळच्या फुटाळा तलावापर्यंतच मार, आल्यावर बोल्ट परत तपास.