तुझ्या लिस्टमध्ये एक नाव राहिलंय

बाळा,

परवा तू आलास, चहा अर्धाच प्यायलास आणि मोबाइल पुढे धरून म्हणालास, काकू बघा. मी चष्मा लावेपर्यंत तूच खात्यात आलेल्या पैशाचे स्क्रीनवरचे शून्य बोटाने मोजत होतास, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, आणि मला एकदम आमचा काउंटर आठवला. एकतीस वर्षं बँकेत काढली मी, त्यातली निम्मी नेरूळ-बेलापूरलाच. जमिनीचे पैसे जमा झाले की म्हातारे शेतकरी यायचे, काढायचं काही नसायचं, फक्त पासबुकात एन्ट्री मारून घ्यायची, मग बाकावर बसून असेच शून्य मोजायचे आणि पासबुक पिशवीत, पिशवी सदऱ्याच्या आत. त्यातल्या कितीतरी जणांचे ते शून्य चार-पाच वर्षांत उतरताना मी त्याच पासबुकात पाहिलेत, एन्ट्री मारणारी मीच होते. म्हणून हे लिहितेय, समोर बसलं की तू हो काकू हो काकू करतोस आणि निघून जातोस.

त्या पैशाचं काय काय करायचं ती तुझी लिस्ट मी नीट वाचली. हळदीला हेलिकॉप्टर, शर्यतीच्या बैलांची जोडी, सगळ्या मित्रांना आयफोन, आजोबांच्या नावाने अभ्यासिका, आणि सगळ्यात खाली, जणू लाजत लाजत, आजीला विमानात बसवायचं. तू विचारलंस, यातलं काय वेडेपणाचं आणि काय बरोबर. मला तसा भेद करता येत नाही रे. मी फक्त एक बघते, खर्च कुणी ठरवला. पैसा आला की दारात माणसं यायला लागतात. शोरूमवाला येतो, पॉलिसीवाला येतो, मंडळाचे पावतीपुस्तक घेऊन येतात, बारा वर्षं न दिसलेला मामा येतो, आणि जो आधी पोचला त्याला मिळतं. वाईट असतात असं नाही, पण ज्याला खरंच गरज आहे तो बहुतेक वेळा दारात येतच नाही, त्याला मागताच येत नाही. त्याच्याकडे आपण चालत जावं लागतं. पैसे उडव नाहीतर दान कर, पण तू स्वतः उठून चालत गेलास का, एवढं मला सांग.

बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार, २०११ साली कौन बनेगा करोडपतीत पाच कोटी जिंकले. २०२० साली त्यांनी स्वतःच फेसबुकवर लिहिलं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सगळ्यात वाईट होता, गुप्तदानाचा नाद लागला, महिन्याला हजारो रुपये त्यात जायचे आणि कितीतरी लोकांनी फसवलं. चांगल्या मनाचा माणूस, देण्याच्याच नादात अडकला. पण तेच पुढे चंपाची रोपं घेऊन चंपारणात घरोघर लावत फिरले, ते मला जास्त आवडलं. आधी लोक त्यांच्या दारात येत होते, मग ते लोकांच्या दारात गेले.

आमच्या घरचं सांगते. आम्ही नेरूळजवळच्या शिरवण्याचे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, त्यात आमची भाताची खाचरं गेली. मोबदला आला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. त्या पैशाचं पुढे काय झालं ते मी मोठी झाल्यावर खूप शोधलं, थोडे उसने गेले, थोडे आजारपणात, एका लांबच्या नातेवाइकाने ट्रकच्या धंद्यात घातले, हाताला काही लागलं नाही. पण ज्या दिवशी पैसे हातात आले त्या दिवशी बाबांनी बर्फाच्या गोळेवाल्याची अख्खी गाडी संध्याकाळपर्यंत भाड्याने घेतली आणि गल्लीत उभी केली. जो येईल त्याला गोळा, कितीही खा. बाबा स्वतः रंधा फिरवत होते, बर्फाचा भुगा त्यांच्या हाताच्या केसांवर बसलेला, आणि कालाखट्ट्याची बाटली माझ्याकडे दिली होती सांभाळायला. आमच्या गावातली साठीतली माणसं अजून मला भेटली की गोळ्याचं बोलतात. त्या सगळ्या पैशातलं हेच काय ते बाबांच्या स्वतःच्या मनात आलेलं होतं, बाकी सगळं कुणीतरी येऊन सुचवलेलं.

म्हणून वेडेपणाला माझी ना नाही, वेडेपणाचा आकडा मात्र आधीच वहीत लिहून ठेव आणि तेवढे पैसे वेगळ्या खात्यात टाक, ते संपले की संपले.

हेलिकॉप्टर मात्र नको. कारण पैसे नाहीत हे नाही, तुझ्याकडे आहेत. कारण असं की तुझ्या हळदीने गावाचा रेट ठरतो. तू हेलिकॉप्टर आणलंस की पुढच्या वर्षी ज्याच्याकडे प्लॉट उरलेला नाही तोसुद्धा व्याजाने पैसे काढून डीजे आणि दोन हजार माणसांचं मटण करणार, कारण त्याच्या मुलीच्या सासरी तुझं उदाहरण देतात. आपल्याकडे हळदीने किती घरं कर्जात घातली ते मी लोनच्या फायलींमध्ये बघितलंय. उलट तू साधी हळद केलीस, पैसे असून साधी केलीस, तर चार बापांची सुटका होईल आणि तुझा एक रुपया खर्च होणार नाही. डेकोरेटर रोखीत मागेल तेही ऐकू नकोस, दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घ्यायला कायद्यानेच बंदी आहे.

बैलांची जोडी घे, सुप्रीम कोर्टाने २०२३ ला शर्यतीचा कायदा कायम ठेवलाय, पण पहाटे उठून वैरण तू स्वतः घालणार असशील तरच घे, नाहीतर दुसऱ्याच्या गोठ्यातल्या बैलांना खांद्यावर टॉवेल टाकून बघायला जाण्यात काय मजा.

आयफोनचं, मित्रांना दे बाबा, तुझे मित्र चांगले आहेत. फक्त माहीत असू दे की नातेवाइकाबाहेरच्या कुणाला वर्षात पन्नास हजारांच्या वर पैसे दिलेस तर टॅक्स त्याला लागतो, आणि इन्कम टॅक्सच्या भाषेत चुलतभाऊ नातेवाईक धरत नाहीत. सख्खा भाऊ धरतात, चुलत नाही. बाजूबाजूच्या घरात वाढलेल्या पोरांना हे पटत नाही पण कायदा तसाच आहे.

आता ते विमान. तू सगळ्यात खाली लिहिलंस तेच माझ्या मते सगळ्यात वर हवं. एकटी आजी कशाला रे? नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, तुझ्या आजीचं खाचर तर थेट त्या ३७०० मीटरच्या रनवेखाली गेलंय म्हणतात. करंजाड्याला, वडघरला, वहाळला राहायला गेलेल्या तिच्या वयाच्या किती बाया असतील ज्यांनी त्याच जागेवर आवणी, म्हणजे भाताची लावणी केली, चिखलात वाकून. त्या सगळ्यांना ने. चाळीस असू दे, पन्नास असू दे. गोव्याला ने, दोन दिवस ठेव, परत आण. दहाच्या वर माणसं असली की एअरलाइन ग्रुप बुकिंग करून देते. सगळ्यांची आधार कार्डं आधी बघून घे, नावात फरक निघतात आणि गेटवर अडवतात. व्हीलचेअर आधीच सांगून ठेव, बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि दोघी-तिघींमागे एक नात किंवा सून बरोबर. आजीला खिडकी दे. टेकऑफच्या वेळी तिला विचार, आजी कुठे होतं गो तुझं शेत, बोट दाखव. मला तो फोटो पाठव, बाकी मला काही नको. लोक म्हणतील काय उधळपट्टी, म्हणू देत, ती जागा त्यांची होती आणि त्यांनी ती वरून एकदाही पाहिलेली नाही.

अभ्यासिकेचं तू फार मनापासून बोललास, तुझे आजोबा चौथी शिकलेले, जानेवारी १९८४ च्या शेतकऱ्यांच्या जमिनीच्या आंदोलनात दास्तान फाट्याला होते, पाच जण गेले त्या गोळीबारांत, ते सगळं मी ऐकून आहे. त्यांच्या नावाची अभ्यासिका व्हायलाच हवी. पण इमारत बांधणं सोपं असतं, तिसऱ्या वर्षी लाइट बिल कोण भरणार ते अवघड. अँड्र्यू कार्नेगी म्हणून अमेरिकेतला पोलादवाला होता, त्याने जगभरात अडीच हजारांच्या वर लायब्रऱ्यांना पैसे दिले, पण अट अशी की जागा गावाने द्यायची आणि मी देईन त्याच्या दहा टक्के दरवर्षी चालवण्याचा खर्च गावाने उचलायचा. म्हणजे गावाला खरंच हवी असेल तरच मागेल. तू गावकीत जाऊन हेच विचार, आणि स्वतःच्या बाजूने एक एफडी अशी ठेव की व्याजातून लायब्रेरियनचा पगार निघेल. फरशी साधी चालेल, पण पगार वेळेवर हवा. एक दिवस ठाण्याला जाऊन मराठी ग्रंथ संग्रहालय बघून ये, १८९३ पासून चालू आहे, तिथे दुपारी एक तास नुसता बसून बघ कोण येतं, कधी येतं, काय वाचतं.

आणि अट घालायची लाज वाटू देऊ नकोस. माहीमचा कॉजवे आहे ना, जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाईंनी त्याला १ लाख ५७ हजार रुपये दिले, १८४५ साली तो झाला, आणि त्यांची एकच अट होती, या रस्त्यावर कुणाकडून टोल घ्यायचा नाही. आपल्या वाशीच्या टोलनाक्यावर किती वर्षं रांगेत उभे राहिलो आपण, छोट्या गाड्यांना माफी मिळाली ऑक्टोबर २०२४ मध्ये, तेव्हा मला त्या बाईची आठवण आली. अशी अट घाल, की फायदा कुणाला व्हायचा ते त्यात लिहिलेलं असेल. आणि जे द्यायचं ते आत्ता दे. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्याकडे अमेरिकेतल्या युद्धामुळे कापसाचा अचानक पैसा आला, त्यांनी १८६४ सालीच मुंबई युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीला आणि टॉवरला पैसे दिले. १८६५ ला बाजार कोसळला, त्यांचं बहुतेक सगळं गेलं. आईच्या नावाचा राजाबाई टॉवर अजून आहे. थांबले असते तर काय उरलं असतं द्यायला.

उरलेले पैसे एका बँकेत ठेवू नकोस हे मी पंचवीस वेळा सांगितलंय, सव्विसाव्यांदा सांगते. बँक बुडाली तर एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच विमा. माझ्या भावाने साडेबाराच्या प्लॉटचे, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात सिडको साडेबारा टक्के प्लॉट देते त्याचे, सगळे पैसे एका सहकारी बँकेत ठेवले, अर्धा टक्का व्याज जास्त म्हणून, आणि मग दोन वर्षं रांगा.

आता त्या साडेबाराच्या प्लॉटवरूनच खरं जे लिहायचंय ते लिहिते. १९९६ साली तो मिळायचा होता, तेव्हा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला. मी बँकेत ऑफिसर, कागद वाचता येत होता, तरी सही केली. बहीण हिस्सा मागते म्हटलं तर माहेर तुटतं म्हणून केली. त्याने पैठणी आणली, मोरपंखी, चांगली होती. मी ती आजपर्यंत नेसले नाही, कपाटात तशीच आहे, घड्या काळ्या पडल्यात. मी भावाच्या दारात कधीच गेले नाही मागायला आणि जाणारही नाही, पण तो आला असता ना रे, वीस वर्षांनी जरी आला असता, तरी मी ती पैठणी नेसून बसले असते.

तुझ्या आत्याने अशीच सही केलेली आहे. तुला माहीत नसेल, तू लहान होतास. कोपरखैरण्याला माथाडीच्या चाळीत राहते, पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, गुडघे गेलेत. तुझ्या लिस्टमध्ये मित्र आहेत, बैल आहेत, ती नाही. ती येणार नाही दारात, मी सांगते ना.

यातही टॅक्सची एक गोष्ट आहे, नीट वाच. आत्याने भाच्याला दिलं तर भाच्याला टॅक्स नाही, पण भाच्याने आत्याला दिलं तर तिला लागतो, कायदा उलट्या दिशेने चालत नाही. भावाने बहिणीला दिलं तर मात्र काहीच लागत नाही. म्हणजे हे तुझ्या पैशातून नाही, तुझ्या बाबांच्या वाट्यातून जायला हवं, त्यांच्या खात्यातून, त्यांच्या सहीने. सीएकडून गिफ्ट डीड करून घ्या. बाबांना तयार करणं तुझं काम, ते सोपं नाही, मला माहितेय, ते आधी चिडतील मग गप्प बसतील. गप्प बसले की चप्पल घाल आणि म्हण चला.

रविवारी जा दोघं. आधी फोन करू नकोस, केलास तर ती पहाटे दिवाळे गावात कोळंबी आणायला जाईल त्या गुडघ्यांनी.

तुझी काकू