पिवळ्या चौकोनाखालचा निळा प्रकाश

प्रश्न : आमच्याकडे विजेचा दाब सारखा कमी-जास्त होतो आणि एलईडी बल्ब वरचेवर जातात. गेलेला एक बल्ब उघडून पाहिला, तर आत पांढऱ्या पट्टीवर पिवळे चौकोन होते, निळे काहीच नव्हते. मग निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड मिळाला असे का म्हणतात? लाल दिवे आधीपासून असताना निळ्याला इतका वेळ का लागला?
– एक शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : तुम्हाला दिसलेला पिवळा रंग दिव्याचा नसून त्यावरील लेपाचा आहे. लेपाखाली मोहरीहूनही लहान चिप असते आणि ती निळाच प्रकाश देते. सीरियम मिसळलेल्या यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटची भुकटी त्यातील काही प्रकाश शोषून पिवळा प्रकाश सोडते. उरलेला निळा त्यात मिसळला की डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. अशी भुकटी जास्त ऊर्जेच्या प्रकाशातून कमी ऊर्जेचा प्रकाश देते, उलट नाही. म्हणून लाल एलईडी कितीही असले, तरी त्यांच्यापासून पांढरा उजेड मिळणे शक्य नव्हते.

एलईडीचा रंग त्याच्या अर्धवाहकातील (सेमीकंडक्टर) ऊर्जेच्या दरीवर, म्हणजे इलेक्ट्रॉन खाली उतरताना जितकी ऊर्जा सोडतो त्यावर, ठरतो. लाल प्रकाशाला सुमारे 1.9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) पुरतात, निळ्याला सुमारे 2.7 लागतात. निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये लाल एलईडी केला. निळ्यासाठी गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक योग्य आहे, हेही पुढे ठाऊक झाले होते. अडचण कल्पनेची नव्हती, पदार्थ हाताला लागू देत नव्हता. त्याचे स्फटिक नीलमण्याच्या चकतीवर वाढवावे लागत आणि दोहोंतील अणूंची अंतरे जुळत नसल्यामुळे, वेगवेगळ्या मापांची कवेलू एकाच छपरावर घातल्यासारखे ते जागोजागी सदोष होत. बहुतेकांनी कंटाळून झिंक सेलेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाकडे मोर्चा वळवला. जपानमधील नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी मात्र 1986 मध्ये आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यावर नितळ स्फटिक वाढवला.

दुसरी अडचण मला अधिक रंजक वाटते. एलईडीला इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा असलेला, म्हणजे पी-प्रकारचा, थर लागतो आणि त्यासाठी मिसळलेले मॅग्नेशियम काही केल्या काम करीत नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना नमुना अधिक उजळतो, हे या दोघांच्या लक्षात आले आणि 1989 मध्ये इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यानेच त्यांनी पी-थर मिळवला. असे का होते, याचा उलगडा तोकुशिमा येथील निचिया कंपनीतील शुजी नाकामुरा यांनी केला : स्फटिक वाढवताना अमोनियातून आलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला जखडून ठेवतो आणि नुसते तापवले तरी सुटतो. मारा करण्याची गरजच उरली नाही. 1993 मध्ये त्यांचा झगझगीत निळा एलईडी आला आणि 1996 मध्ये निचियाने त्यावर पिवळी भुकटी चढवून पांढरा एलईडी बाजारात आणला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

बल्ब जाण्याबद्दल सांगायचे, तर दोष बहुधा चिपचा नसतो. तळातील विद्युतमंडल उष्णतेने आणि दाबाच्या झटक्यांनी निकामी होते. स्वस्त बल्बांत त्याला पुरेसे संरक्षण नसते. मात्र एखाद्या चौकोनावर काळा ठिपका दिसला, तर तो चौकोन जळाला आहे असे समजावे. ते सारे एका माळेत जोडलेले असल्यास एक तुटताच सगळे विझतात. बल्ब उघडण्यापूर्वी तो होल्डरमधून काढलेला असावा, एवढी काळजी अवश्य घ्यावी.