हप्ता गेला, बोट कुठे आहे? स्कॉटलंडच्या संसदेबद्दल वाचकांचे प्रश्न

2021 च्या निवडणुकीनंतर स्कॉटलंडच्या संसदेत नेट झीरो (म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणणं), ऊर्जा आणि परिवहन या तिन्ही विषयांसाठी मिळून एकच समिती नेमली गेली. त्यामुळे बेटांवर जाणाऱ्या फेरीबोटी आणि समुद्रातल्या पवनचक्क्या एकाच टेबलावर आल्या. मागच्या सदरात मी याचा आणि तिथल्या दोन रखडलेल्या फेरीबोटींच्या चौकशीचा ओझरता उल्लेख केला आणि वाचकांनी प्रश्नांची रीघ लावली. त्यातले काही आज घेते.

ठाण्याहून एक निवृत्त अभियंता विचारतात : बोटी दोनच, मग त्यावर दहा वर्षं चौकशी कसली?

ऑगस्ट 2014 मध्ये क्लाइड नदीकाठची, पोर्ट ग्लासगोची फर्ग्युसन ही जहाजबांधणीची गोदी दिवाळखोरीत गेली. उद्योगपती जिम मॅकॉल यांनी ती विकत घेतली. पुढच्याच वर्षी तिला दोन मोठ्या फेरीबोटींचं काम मिळालं. किंमत ठरली 9.7 कोटी पाउंड आणि बोटी यायच्या होत्या 2018 मध्ये. पहिली, ग्लेन सॅनॉक्स, प्रवासी घेऊन निघाली 13 जानेवारी 2025 ला. दुसरी, ग्लेन रोझा, 2025 संपलं तरी गोदीतच होती. तिच्या एकटीच्या खर्चाचा अंदाज त्या वर्षीच्या मे महिन्यातच 18.5 कोटी पाउंडांपर्यंत गेला होता.

बांधकाम चालू असताना ज्यांनी फ्लॅट घेतला असेल त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. प्लिंथ झाली की हप्ता, स्लॅब पडला की हप्ता. बिल्डर बुडाला तर दिलेले पैसे परत मिळतील, अशी बँकेची हमी असेल तरच माणूस निर्धास्त. जहाजबांधणीतही हाच रिवाज आहे. इथे ती पूर्ण हमी गोदीनं दिली नाही. बोटींची सरकारी मालक कंपनी सीमॅल हिनं हा धोका सरकारच्या कानावर घातला होता. तरीही ऑक्टोबर 2015 मध्ये करार झाला.

नोव्हेंबर 2017 मध्ये तत्कालीन फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारप्रमुख, निकोला स्टर्जन यांच्या हस्ते ग्लेन सॅनॉक्सचं जलावतरण झालं. त्या दिवशीचे फोटो नीट पाहा. पुढच्या बाजूला खिडक्या दिसतात, पण त्या काचेच्या नाहीत, रंगानं काढलेल्या आहेत. जहाज अपुरं होतं, पण ते पाण्यात गेलं, म्हणजे एक टप्पा पूर्ण झाला. हप्ते टप्प्यांना बांधलेले होते, कामाच्या दर्जाला नव्हते. वर सरकारनं गोदीला 4.5 कोटी पाउंडांचं कर्जही दिलं. ऑगस्ट 2019 मध्ये गोदी पुन्हा बुडाली आणि डिसेंबरमध्ये सरकारनंच ती ताब्यात घेतली. पुढे तपासणीत नऊशेहून अधिक केबल आखूड निघाल्या.

खर्च आणि उशीर यांच्यापेक्षाही मला वेगळीच गोष्ट जास्त लागते. सरकारी हिशेब तपासणाऱ्या ऑडिट स्कॉटलंड या संस्थेच्या मार्च 2022 च्या अहवालानं नोंदवलं की, एवढा धोका मंत्र्यांनी का पत्करला याचा पुरेसा लेखी पुरावा सापडत नाही. अहवालावर गदारोळ झाल्यावर, मे महिन्यात सरकारला 2015 चा एक ईमेल मिळाला. परिवहनमंत्री डेरेक मकाय यांनी संमती दिल्याचं त्यात होतं. संमती कोणाची हे कळलं. ती कुठल्या विचारानं दिली, हा प्रश्न तसाच राहिला. ज्या फायलीवर कारण लिहिलेलं नाही, तिची चौकशी दहा वर्षं चालणारच.

अलिबागहून एक वाचक : आमच्याकडे भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो 2020 पासून आहे. तिच्याबद्दल विधिमंडळात प्रश्न येतात आणि विरतात. तिकडच्या समितीपुढे बोलावून तरी काय साधतं?

समित्या आपल्याकडेही आहेत. लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती या दोन्हींना कागद मागवता येतात, अधिकाऱ्यांना बोलावता येतं. लोकसभेच्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 मध्ये मिनू मसानी यांच्यापासून विरोधी पक्षाकडे जातं. स्कॉटलंडमध्ये 2021 नंतर पब्लिक ऑडिट कमिटीची सूत्रं लेबर पक्षाच्या रिचर्ड लेनर्ड यांच्याकडे आली, तेही विरोधी बाकांवरचेच. अधिकारांत फार अंतर नाही.

अंतर आहे ते दरवाज्यात. आपल्या संसदीय समित्या बंद खोलीत बसतात. एडिनबरामध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या संसदेत, साक्षी बहुधा उघड होतात, थेट दिसतात आणि काही दिवसांत शब्दन् शब्द छापून येतो. अलिबागच्या प्रवाशाला उद्या असा उतारा वाचता आला, तर कोणत्या अधिकाऱ्यानं कोणता प्रश्न टाळला हे त्याला नावानिशी सांगता येईल. आपल्या विधिमंडळाकडे मी हीच मागणी लावून धरीन.

पण तिथलंही सगळं गोड नाही. तिथल्या संसदेच्या ग्रामीण अर्थव्यवस्था आणि दळणवळण समितीनं या बोटींच्या खरेदीवर अत्यंत कडक अहवाल दिला तो डिसेंबर 2020 मध्ये, म्हणजे करारानंतर पाच वर्षांनी. गोदी तोवर सरकारची झाली होती आणि पैसे केव्हाच गेले होते.

हा उशीर बेटावर कसा दिसतो तेही सांगते. पश्चिमेकडच्या एका बेटावर मी 2024 च्या हिवाळ्यात दोन दिवस अडकले होते. किराणा दुकानात दुधाच्या फडताळावर पुठ्ठा लावला होता : ‘बोट आली तर संध्याकाळी.’ धक्क्यावर माझ्याशेजारी एक आजी बसल्या होत्या. मुख्य भूमीवरच्या इस्पितळाचं पत्र त्यांच्या मांडीवर होतं, तारीख त्याच दिवसाची. वारा वाढला, फेरी रद्द झाल्याचा संदेश फोनवर आला. आजींनी पत्राची नीट घडी घालून ते पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाल्या, ही तिसरी वेळ. वारा कोणाच्याच हातात नसतो. पण ताफ्यात एकही बोट जादा नसली, की एका दिवसाच्या वाऱ्याची भरपाई आठवडाभर होत नाही. त्या हिवाळ्यात ॲरन बेटाच्या मार्गावरची 1993 ची कॅलेडोनियन आइल्स दुरुस्तीला गेलेली होती आणि आल्फ्रेड नावाची दुसऱ्या कंपनीची बोट महिन्याला सुमारे दहा लाख पाउंड भाड्यानं चालवावी लागत होती.

ॲबर्डीनमधले एक मराठी अभियंता : तेलातून पवनऊर्जेत येऊ पाहतोय. ग्रेट ब्रिटिश एनर्जी या ब्रिटिश सरकारच्या ऊर्जा कंपनीचं मुख्यालय आमच्या गावात आलं. तिला जाब विचारणार कोण, एडिनबरा की लंडन?

लंडन. 1998 च्या स्कॉटलंड कायद्यानुसार फेरीसेवा स्कॉटिश संसदेकडे आहे, ऊर्जा मात्र प्रामुख्यानं वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या संसदेकडे, राखीव. कंपनी तुमच्या गल्लीत असली तरी तिचा हिशेब लंडनचे खासदार मागणार. एडिनबराला आपल्या अधिकारांना स्पर्श करणाऱ्या कलमांपुरती संमती द्यायची होती, ती दिली गेली. समुद्रातल्या प्रकल्पांची परवानगी मात्र स्कॉटिश सरकारकडूनच लागते, म्हणून एडिनबराची समिती या कंपनीच्या लोकांना बोलावते, प्रश्न विचारते. हिशेब मागण्याचा अंतिम हक्क तेवढा तिच्याकडे नाही.

कंपनीचा कायदा 15 मे 2025 ला झाला. जाहीर केलेली रक्कम 830 कोटी पाउंड. पुढच्याच महिन्यात कळलं की त्यातले सुमारे 250 कोटी छोट्या अणुभट्ट्यांकडे जाणार. स्कॉटिश सरकारचा नव्या अणुभट्ट्यांना विरोध आहे, तेव्हा तो वाटा तुमच्याकडे येईल असं धरून चालू नका. नोकऱ्यांचंही तसंच. ॲबर्डीनमध्ये हजार जागा होतील असं सांगितलं गेलं होतं, पण अध्यक्ष युर्गन मायर यांनी 2025 मध्ये स्पष्ट केलं की त्या आकड्याला वीस वर्षं लागू शकतात, सुरुवातीला दोन-तीनशेच. कर्ज काढून नवा अभ्यासक्रम घेणार असाल तर हा आकडा डोळ्यांपुढे ठेवा.

या कायद्यात संसदेनं खरोखर काय मिळवलं, त्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. सौर पॅनेलच्या कच्च्या मालात चीनच्या शिनजियांगमधल्या सक्तीच्या मजुरीचा अंश असू शकतो, ही भीती खरी आहे. हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याविरुद्ध दुरुस्ती घातली, मार्चमध्ये कॉमन्सनं ती फेटाळली, आणि एप्रिलमध्ये सरकारनंच माघार घेऊन पुरवठासाखळीतल्या गुलामगिरीविरुद्ध तरतूद मान्य केली. कंपनीचा कायदा पक्का व्हायच्या आत हे झालं. बोटींच्या बाबतीत असं 2015 मध्ये कोणी केलं असतं तर!

पुण्याची एक विद्यार्थिनी : स्कॉटविंडचे पैसे कुठे गेले?

समुद्रतळ पवनऊर्जेला भाड्यानं देण्याच्या या उपक्रमातून जानेवारी 2022 पासून सुमारे 75.5 कोटी पाउंड आले. बोलीला चौरस किलोमीटरमागे एक लाख पाउंडांची वरची मर्यादा होती, त्यामुळे जमीन स्वस्तात गेली अशी टीका झाली. सप्टेंबर 2024 मध्ये त्यातले 46 कोटींपर्यंत चालू वर्षाची तूट भरायला वापरू, असं स्कॉटिश सरकारनं जाहीर केलं. नंतर तेवढी रक्कम काढावी लागली नाही. तरी एकदाच येणारा पैसा रोजच्या खर्चाला लावायचा विचार मला पटत नाही. शेत विकून किराणा भरण्यातला हा प्रकार आहे.

डोंबिवलीहून : नव्या बोटी तुर्कस्तान आणि पोलंडमध्ये का?

निविदेत त्या गोद्या पुढे आल्या म्हणून. चार मोठ्या बोटी तुर्कस्तानात, सात छोट्या विजेवरच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कला. पोर्ट ग्लासगोच्या कामगारांना हे झोंबलं, आणि त्यांचा राग मला समजतो. केबल आखूड टाकायचा निर्णय त्यांचा नव्हता.

रत्नागिरीहून एक शिक्षक : दाभोळ आम्ही जवळून पाहिलं. सरकारनं ऊर्जेत पैसा घालावाच का?

घालावा. पण दाभोळ विसरून नाही. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचा एन्रॉनच्या कंपनीशी करार झाला डिसेंबर 1993 मध्ये. 1999 ला वीज आली, 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी माधव गोडबोले समिती बसली. क्रम तुमच्या लक्षात आला असेल : करार आधी, कसून तपासणी सात वर्षांनी.

स्कॉटलंडचं दाभोळ म्हणजे बायफॅब, समुद्रातल्या प्रकल्पांचे पोलादी सांगाडे बनवणारी कंपनी. सरकारनं तिच्यात 3.74 कोटी पाउंड घातले, 32 टक्के भागीदारी घेतली आणि डिसेंबर 2020 मध्ये ती बुडाली. संसदेच्या समितीनं चौकशी केली तीही कंपनी कोसळत असताना.

आणि तरीही स्कॉटलंडच्याच पश्चिम किनाऱ्यावर गीगा नावाचं इवलंसं बेट आहे. 2002 मध्ये रहिवाशांनी ते बेट विकत घेतलं आणि थोड्याच वर्षांत तीन पवनचक्क्या उभ्या केल्या. आईग बेटावर 2008 पासून पाणी, वारा आणि ऊन यांवर गावाची स्वतःची वीज आहे. एका घरानं एका वेळी किती वीज ओढायची याची मर्यादा गावानंच ठरवली आहे. तिथेही अनुदानाचा सार्वजनिक पैसा आहे. हिशेब मात्र शेजाऱ्यापुढे, गावच्या सभेत मांडावा लागतो. तुमच्या विद्यार्थ्यांना दाभोळसोबत आईगचा नकाशाही दाखवा. बोट सुटेल तेव्हा मलेग बंदराहून कॅलमॅक या फेरी कंपनीच्या छोट्या बोटीनं तिथे जाता येतं, हेही सांगा.