जमीन खचली त्या दिवसापासून मुदत मोजा

वणी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. गेल्या भाद्रपदात त्यांच्या कपाशीच्या शेतात, जुन्या भुयारी कोळसा खाणीच्या इनक्लाइनजवळ (खाणीत उतरणाऱ्या तिरप्या बोगद्याजवळ), भलामोठा खड्डा पडला. इनक्लाइनचं तोंड विटांच्या भिंतीनं बंद होतं, ती भिंतही ढासळली. कंपनी म्हणते, खाण 1996 सालीच बंद झाली, आता दावा मुदतबाह्य आहे. या पट्ट्यातून येणाऱ्या बहुतेक पत्रांत कंपनीचं हेच उत्तर असतं आणि वाचक ते खरं मानून गप्प बसतात.

तुमचं सगळं प्रकरण मुदत कायदा, 1963 च्या कलम 23 वर उभं आहे. ज्या कृत्यातून प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय दाव्याला कारणच निर्माण होत नाही, तिथे मुदत नुकसान झाल्यापासून सुरू होते. 1908 च्या जुन्या कायद्यात याच तरतुदीखाली कोळशाचं उदाहरण छापलेलं होतं: शेताचा पृष्ठभाग एकाचा, खालची जमीन दुसऱ्याची; दुसऱ्यानं कोळसा काढला, वर लगेच काही दिसलं नाही, पण अखेर जमीन खचली. मुदत खचल्यापासून. 1963 मध्ये उदाहरणं गळली, तत्त्व कायम राहिलं. त्यामुळे 1996 विसरा.

मुदत किती? माझ्या मते याच मुदत कायद्याच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद 113 प्रमाणे तीन वर्षं. पण कायद्यानुसार केलेल्या किंवा करायच्या राहिलेल्या कामाबद्दलच्या भरपाईला अनुच्छेद 72 फक्त एक वर्ष देतो, आणि कंपनीचा वकील तिकडे बोट दाखवणारच. तो टिकेल असं वाटत नाही, पण तुमचा अकरावा महिना चालू आहे. वर्ष भरायच्या आत दावा दाखल करा. जिल्हाधिकाऱ्यांना प्रतिवादी करू नका. शासन पक्षकार झालं की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस आली. तो काळ मुदतीतून वगळला जातो, तरी उशीर होतोच. कंपनीविरुद्ध ती नोटीस लागत नाही.

दावापत्रात खड्डा पडल्याची तारीख स्वतंत्र परिच्छेदात लिहा. त्याच संहितेच्या आदेश 7 नियम 11 खाली दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळण्याचा अर्ज येईल, तेव्हा न्यायालय फक्त दावापत्र पाहतं. त्यात तारीख नसेल तर खटला सुरू होण्याआधीच संपेल.

आता तुमची चूक. पंचनामा न करता तुम्ही खड्ड्यात पऱ्हाट्या, दगड आणि फवारणीच्या रिकाम्या बाटल्या टाकल्या. हे समजण्यापलीकडचं आहे. खड्ड्याची खोली आणि भिंतींचे थर हा तुमचा पुरावा होता, तो तुम्हीच झाकला. शिवाय पऱ्हाटीच्या फटींतून हवा आत जाते. खाली उरलेला कोळसा हवेनं आपोआप तापतो आणि पेटू शकतो. औषधांचा अंश खाणीतल्या पाण्यात, तिथून विहिरींत जाऊ शकतो. नुकसानीला तुम्हीही जबाबदार, असं कंपनी म्हणेल. आता काही टाकू नका आणि टाकलेलं काढायलाही उतरू नका. बंद खाण श्वास घेते: वादळापूर्वी हवेचा दाब उतरला की आतली ऑक्सिजन कमी असलेली हवा बाहेर येते. खाणीत कामाच्या जागी किमान 19 टक्के ऑक्सिजन लागतो. खड्ड्याच्या तळाशी किती आहे हे नाकाला कळत नाही. विडी, शेकोटी, जनावरं लांब ठेवा. कडेच्या भेगांच्याही बऱ्याच बाहेरून दोर बांधा. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खं घर जमिनीत गेलं होतं.

तहसीलदारांकडे पंचनाम्याचा अर्ज द्या, तलाठ्यासमोर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, मोबाइलमधले तेव्हाचे फोटो मूळ फाइलसकट जपा. माहिती अधिकारात कंपनीकडून सोडलेल्या खाणीचा नकाशा मागा. तुमचा गट त्यावर कुठे येतो ते पाहायचं आहे. डीजीएमएसच्या (खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या) नागपूर कार्यालयाला पत्र देऊन पोच घ्या. बंद खाणीचं तोंड सुरक्षित ठेवणं ही खाणीचा मालक, एजंट (मालकाचा प्रतिनिधी) आणि मॅनेजर यांची जबाबदारी आहे. ते आजही उघडं असल्यानं कुंपण आणि भरावाची मागणी मुदत कायद्याच्या कलम 22 खाली रोज नव्यानं जिवंत राहते.

एक गोष्ट कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कोळसाधारक क्षेत्र कायदा, 1957 खाली फक्त खाणहक्क घेतले होते की जमिनीचे सगळे हक्क? सगळे गेले असतील तर सातबारावर नाव असूनही अडचण आहे. राजपत्रातली कलम 9 ची अधिसूचना काढा.

दाव्यासोबत, त्याच दिवशी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर (जागेची पाहणी करून न्यायालयाला अहवाल देणारा) नेमण्याचा अर्ज द्या. आपल्या न्यायालयात पुढची तारीख दिवाळीनंतरचीही मिळते, आणि पावसात खड्ड्याच्या कडा ढासळत राहिल्या तर कमिशनरला मोजायला काही उरणार नाही.