हाताने रंगवलेली कॉमिक प्रिंट घेताना आकड्याआधी रंग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका चित्रकाराची कॉमिक प्रिंट ऑनलाइन 18,000 रुपयांना दिसली आहे. आवृत्ती 50 प्रतींची, ही त्यातली 14वी, हाताने रंगवलेली. ती घ्यावी का, आणि लहान आकड्याच्या प्रतीला जास्त भाव येतो का?

आकड्याचं आधी सांगून टाकतो. खाली पेन्सिलीने 14/50 लिहिलं असेल, तर एकूण 50 प्रतींमधली ही 14वी, एवढाच त्याचा अर्थ. ती चौदाव्या क्रमाने छापली गेली असं नसतं, कारण आकडे बहुतेक वेळा सगळा गठ्ठा छापून झाल्यावर घातले जातात. म्हणून आकडा लहान आहे एवढ्यावरून प्रत जास्त चांगली ठरत नाही. या 50 शिवाय चित्रकाराने स्वतःसाठी काढलेल्या प्रतीही असतात, त्यांच्यावर ‘एपी’ लिहितात. त्या किती आहेत ते विचारून घ्या.

खरा प्रश्न रंगाचा आहे. छापलेली रेघ पन्नासही प्रतींवर सारखीच असते, पण हाताने भरलेला रंग प्रत्येक प्रतीवर वेगळा उतरतो. त्यामुळे ‘ही आवृत्ती चांगली आहे का’ यापेक्षा ‘ही प्रत चांगली आहे का’ हे विचारायला हवं.

मला हे जेम्स गिलरेमुळे उमगलं. हा लंडनचा व्यंगचित्रकार, 1756 ते 1815 मधला. हॅना हम्फ्री या बाईंच्या दुकानाच्या वरच तो राहायचा. तांब्याच्या पत्र्यावर तो एचिंग करायचा, म्हणजे आम्लाने रेघा कोरायचा, त्याचे काळे ठसे निघायचे आणि मग रंगवणारे एकेक प्रत जलरंगाने रंगवायचे. बिनरंगी प्रत स्वस्त, रंगीत महाग. 1805 सालचं त्याचं प्लम पुडिंगचं चित्र तुम्ही पाहिलं असेल: पृथ्वीचा गोळा पुडिंगसारखा ताटात ठेवलाय, एका बाजूने ब्रिटनचा पंतप्रधान पिट समुद्र कापून घेतोय, दुसऱ्या बाजूने नेपोलियन युरोप. ब्रिटिश म्युझियम आणि लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, दोघांच्याही संकेतस्थळांवर ते आहे. शेजारी शेजारी उघडा आणि फक्त रंग बघा. पिटच्या कोटाचा लाल रंग कुठे रेघेशी थांबलाय, कुठे तिच्याबाहेर गेलाय, गोळ्यावर पाणी किती मुरू दिलंय. अर्धा तास असं बघण्यात घालवलात तर दहा लेख वाचून येणार नाही एवढी नजर तयार होईल.

याच गिलरेचे पत्रे पुढे हेन्री बोन नावाच्या प्रकाशकाने घेतले आणि 1851 च्या सुमारास त्यांवरून पुन्हा छपाई केली. त्या प्रती कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेल्या आहेत आणि वरच्या कोपऱ्यात क्रमांक आहे. त्यातल्या काहींवर नंतर कुणीकुणी रंग चढवले. म्हणजे पत्रा खरा, रेघ खरी, रंगही हाताचा, आणि तरीही ती गिलरेच्या काळातली रंगीत प्रत नव्हे. म्हणून तुमच्या विक्रेत्याला सरळ विचारा: रंग कुणी भरला, चित्रकाराने स्वतः की दुसऱ्या कुणी? कधी भरला? पन्नासही प्रती एकदम रंगवल्या की गिऱ्हाईक येईल तशा? उत्तर लेखी घ्या.

मग कोपऱ्यांचे आणि रंगीत भागाचे जवळून काढलेले फोटो मागवा. प्रत हातात आली की दहापट मोठं दाखवणारं भिंग लावा. रंगात बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापील रंग. जलरंगाचा हात असेल तर ठिपके नसतात, रंग जिथे थांबून वाळला तिथे कडेला जराशी गडद किनार असते. हल्ली रंगीत इंकजेट प्रिंटवर दोन-चार ठिकाणी ब्रश फिरवून तीही ‘हाताने रंगवलेली’ म्हणून विकतात. तसं असेल तर 18,000 मी देणार नाही.

आता टिकण्याबद्दल, कारण इथे मी स्वतः नुकसान सोसलंय. कॉमिक्सच्या जगात द्रवरूप डाय, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारे रंग, वापरायची जुनी सवय आहे. अमेरिकन रंगकार पानाच्या छायाप्रतीवर डॉक्टर मार्टिन्स या ब्रँडचे असे रंग भरायचे आणि शेजारी छापखान्यासाठी खुणा लिहायचे. ते रंग डोळ्यांत भरतात, पण त्यातले बरेचसे उजेडात टिकत नाहीत. माझ्याकडे अशाच रंगातली एक छोटी प्रिंट होती, 30 प्रतींमधली. ठाण्याच्या घरी पूर्वेच्या खिडकीसमोर लावली. रोज दिसायची, म्हणून फरक कळलाच नाही. तीन वर्षांनी फ्रेम उघडली तेव्हा माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली बोटभर पट्टी दिसली: गर्द गुलाबी, राणी रंगाची. बाकी सगळं चित्र फिकट साबणासारखं झालं होतं. ती पट्टी बघून पोटात कालवलं. तो रंग आता परत येणार नाही.

म्हणून रंग कुठल्या प्रकारचा आहे हेही विचारा. डाय असेल तर प्रत भिंतीवर लावूच नका, आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा आणि हवी तेव्हा काढून बघा. टिकाऊ जलरंग असेल तर फ्रेम करा, पण अतिनील किरण अडवणारी काच आणि आम्लविरहित माउंट मागून घ्या. काच कागदाला टेकता कामा नये, आपल्या पावसाळ्यात तिथे ओल धरते आणि तपकिरी डाग पडतात. फ्रेमवाल्याला दुकानात उभं राहून सांगा की मागे चिकटवायचं नाही, वरच्या कडेला कागदी बिजागऱ्या लावूनच टांगायचं. बाहेरच्या भिंतीवर, जिला पावसात ओल येते, तिथे टांगू नका. कसरीसाठी वर्षातून एकदा, दसऱ्याच्या साफसफाईत, मागची बाजू उघडून बघत जा.

चित्रकार हयात असेल आणि रंग त्याने स्वतः भरला असेल, तर त्यालाच विचारून बघा की रंगवलेल्या चार-पाच प्रतींचे फोटो दाखवाल का. बरेच जण आनंदाने दाखवतात. मग 14वीच हवी असा हट्ट धरू नका. 37वीचं आकाश जास्त चांगलं जमलं असेल तर 37वी घ्या.