अप्पांनी अर्ज भरावा का?

प्रश्न : वकीलताई, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, बांधाच्या भांडणात एकाचा हात कुऱ्हाडीच्या दांड्याने मोडला होता. कलम ३२६ खाली तीन वर्षांची शिक्षा झाली. २०१४ साली ते सुटले. आता काही मंडळी त्यांना विधानसभेला अपक्ष उभं राहा म्हणून गळ घालताहेत, आणि घरात दोन तट पडलेत. यजमान म्हणतात, शिक्षा भोगली, हिशेब मिटला. लोकमान्यसुद्धा तुरुंगात होतेच की. माझं म्हणणं, साध्या शिपायाच्या नोकरीला पोलिसांचा दाखला लागतो, मग कायदे करणाऱ्याला सूट कशासाठी? कोणाचं बरोबर? आणि कायदा काय सांगतो?
— एक सून

उत्तर : आधी कायद्याचं उरकते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की दोषी ठरल्या दिवसापासून माणूस अपात्र, आणि सुटल्यावर पुढे आणखी सहा वर्षं. काही गुन्ह्यांत याहून कमी शिक्षाही पुरते, पण अप्पांचा गुन्हा त्यांतला नाही. २०१४ ला सुटले, २०२० ला मोकळे झाले.

पण ‘सुटले’ म्हणजे शिक्षा भोगूनच सुटले ना? एवढं विचारते, कारण अपील चालू असताना जामिनावर बाहेर आलेला माणूस स्वतःला सुटलेला समजतो. घरचेही समजतात. कायदा समजत नाही. वरच्या कोर्टाने शिक्षेला स्थगिती दिली तर माणूस घरी येतो, अपात्रता मात्र तशीच राहते. ती थांबवायची तर दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निकालालाच, स्थगिती लागते, आणि ती सहजासहजी मिळत नाही. नवज्योतसिंग सिद्धूंना २००७ च्या जानेवारीत मिळाली, म्हणून तर ते अमृतसरची पोटनिवडणूक लढू शकले. राहुल गांधींना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ ला बरोबर दोन वर्षं दिली आणि दुसऱ्याच दिवशी खासदारकी गेली. ऑगस्टमध्ये दोषसिद्धी स्थगित करताना सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं, की शिक्षा एका दिवसाने कमी असती तर ही वेळच आली नसती. मतदारसंघाला खासदार राहतो की नाही, हे खालच्या कोर्टातला एक दिवस ठरवतो. मला हे खटकतं.

आता यजमानांचे लोकमान्य. त्यांना सांगा, तुलना अप्पांना पेलणारी नाही. अप्पांनी दांडा काही स्वराज्यासाठी उचलला नव्हता. तरीही उदाहरण टाकाऊ नाही. टिळक १९०८ च्या खटल्यात सहा वर्षं मंडालेला होते आणि १९१४ च्या जूनमध्ये सुटले. आजचं कलम ८ लावलं तर ते १९२० च्या जूनपर्यंत अपात्र ठरतात. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले. मधले सहा आठवडे सोडले तर सुटकेनंतरचं त्यांचं सगळं आयुष्य ‘अपात्र’. म्हणून आजन्म बंदी हवी म्हणणाऱ्यांचं ऐकलं की माझा हात आखडतो. गुन्हा कशाला म्हणायचं हे दरवेळी सत्तेवर बसलेला ठरवतो.

तुमच्या शिपायाचा मुद्दा खरा आहे, आणि तो मला बराच काळ पटायचाही. मग मी एकतीस वर्षं फौजदारी वकिली केली, बहुतेक आरोपींच्या बाजूने. कोर्टात शिक्षा कोणाला होते, हे तिथे बसून बघितलं. साक्षीदार फोडायला पैसा किंवा दहशत लागते. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याला शिक्षा होते. एका खटल्यात अकरा आरोपी होते. पंच फितूर, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार फितूर, जखमीसुद्धा ‘अंधारात ओळखलं नाही’ म्हणाला. मीच त्यांची वकील होते. निकालानंतर कोर्टाच्या आवारात हार पडले तेव्हा मी मागच्या दाराने निघाले. त्याच महिन्यात एका हमालाला मारामारीत अडीच वर्षं झाली, कारण त्याच्याविरुद्धचा साक्षीदार ठाम राहिला. तुमचा नियम लावला तर हमाल कायमचा बाहेर, आणि अकरांचा म्होरक्या? त्याच्या अर्जावर एक रेघही येत नाही.

२०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं प्रतिज्ञापत्रात लिहून दिलंय. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सची ही मोजणी. कलम ८ यांना शिवत नाही, कारण खटला संपतच नाही. तारीख, पुढची तारीख, साहेब रजेवर, वकील आजारी (हे शेवटचं मीही केलंय). शिक्षा भोगून आलेल्या माणसाचं निदान काय ते एकदाचं ठरलेलं असतं.

एका जागी मात्र मी तुमच्या बाजूची आहे. सरकारी पैसा खाल्ल्याबद्दल शिक्षा झालेल्याच्या हाती सहा वर्षांत पुन्हा तिजोरी द्यायला माझी तयारी नाही. आणि सहासुद्धा पुरी होतातच असं नाही. सिक्कीमचे प्रेमसिंग तमांग भ्रष्टाचाराच्या खटल्यात एक वर्ष भोगून ऑगस्ट २०१८ मध्ये सुटले. २०१९ च्या मे महिन्यात ते मुख्यमंत्री झाले आणि सप्टेंबरात निवडणूक आयोगाने कलम ११ चा अधिकार वापरून त्यांची सहा वर्षांची अपात्रता एक वर्ष एक महिन्यावर आणली. अधिकार कायद्यातलाच आहे. मला तरी तो वापर पटला नाही.

अप्पांना मी अडवणार नाही. पण मत द्यायची वेळ आली तर एक विचारीन : ज्याचा हात मोडला तो माणूस याच मतदारसंघात राहतो का, आणि अप्पा त्याच्या दारात कधी गेले का? तुमच्या पत्रात त्याचं नावनिशाण नाही. ‘हिशेब मिटला’ हे यजमान म्हणतात. त्या माणसाने म्हटल्याचं मला कुठे दिसलं नाही.

अर्ज भरायचाच ठरला तर निकालाची प्रमाणित प्रत आणि तुरुंगातून सुटल्याचा दाखला आधी हातात ठेवा. नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रात ही शिक्षा लिहावीच लागते, अपात्रता संपली असली तरी. ‘जुनं आहे, कोण बघतंय’ असं सांगणारा एक तरी शहाणा अर्ज भरताना शेजारी उभा असतोच. त्याचं ऐकू नका. गुन्हे लपवणं हा भ्रष्ट मार्ग ठरून निवडणूक रद्द होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितलंय. शिवाय अर्ज माघारीची मुदत संपल्यावर हीच माहिती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावी लागेल, अपक्ष असले तरी. अप्पांची यासाठी तयारी आहे का, ते आत्ताच विचारा. बरेच जण इथेच माघार घेतात.

प्रश्न : तुरुंगातल्या माणसाला मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते, हे खरं का?
— एक विद्यार्थी

उत्तर : खरं आहे, दोषी ठरून अपात्र झालेला नसेल तर. जॉर्ज फर्नांडिस १९७७ साली तुरुंगातूनच मुझफ्फरपूरमधून निवडून आले होते. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला मत देता येत नाही त्याने उभंही राहू नये. संसदेने त्याच वर्षी कायदा बदलून उभं राहण्याची वाट पुन्हा मोकळी केली. एरवी खासदारांची पगारवाढ सोडली तर इतकी एकजूट क्वचितच दिसते. मतदानाची बंदी मात्र कलम ६२ मध्ये होती तशीच ठेवली. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे खटल्याशिवाय खबरदारी म्हणून अडकवून ठेवलेल्यालाच तेवढं टपालाने मत देता येतं.