सेकंड हँड गाडीवर कंपनीचा रिकॉल आहे का, हे कसं कळतं?

प्रश्न असा होता: "पाच वर्षं जुनी गाडी दुसऱ्या हाताने घेतली आहे. तिच्यावर कंपनीचा रिकॉल आहे का, ते कसं बघायचं? कस्टमर केअरवाले धड उत्तर देत नाहीत. आणि वाढीव वॉरंटी घ्यावी का?"

रिकॉल म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून फुकट दुरुस्त करणं. गाडीचा चासी नंबर (तिच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) काढा, कंपनीच्या वेबसाइटवर टाका, दोन मिनिटांत कळतं. सरळ उत्तर एवढंच आहे. पण "धड उत्तर देत नाहीत" हे तुम्ही लिहिलंत आणि मला गप्प बसवेना.

आमचीही गाडी दुसऱ्या हाताचीच, धाकट्या दिरांची. ते बोरिवलीला असतात. २०२१ मध्ये त्यांनी मोठी गाडी घेतली तेव्हा ही आम्ही घेतली. घरातलाच व्यवहार, तरी आरसी रीतसर नावावर करून घेतली, विमा बदलून घेतला. मी कराडला पतसंस्थेत काम करते, अर्धवट कागद मला बघवत नाही. तरीही एक गोष्ट राहिली. कंपनीच्या दप्तरी मालक म्हणून भाऊजींचंच नाव आणि त्यांचाच मोबाइल नंबर होता. सर्व्हिसिंग आम्ही ओळखीच्या गॅरेजमध्ये करायचो, त्यामुळे कंपनीला आमचा पत्ता लागायचं काही कारणच नव्हतं.

२०२३ चा जुलै. चिपळूणला वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं म्हणून रविवारी सकाळी मी आणि नऊ वर्षांचा मुलगा निघालो. मिस्टरांना सुट्टी नव्हती. कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली घाट मी लग्नाच्या आधीपासून ओळखते. घाटमाथ्यावर चहा घेतला आणि उतरायला लागलो. पाऊस मध्यम होता, धुकं मात्र असं की पुढच्या टेम्पोचे फक्त लाल दिवे दिसत होते. दुसऱ्या गिअरमध्ये होते. एका वळणाआधी क्लच दाबला आणि आरपीएमचा काटा सरळ शून्यावर आला. वायपर चालू, गाणं चालू, त्यामुळे इंजिन बंद पडलंय हे कळायलाच क्षणभर लागला. मग बॅटरीचा आणि ऑइलचा असे दोन्ही दिवे लागले. स्टिअरिंग एकदम जड झालं. पहिला ब्रेक लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पेडल दगडावर पाय ठेवल्यासारखं.

इथे थांबून सांगते, कारण हे गाडी शिकवताना कुणी शिकवत नाही. ब्रेकला जोर देणारा बूस्टर बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालतो. इंजिन बंद पडलं की आत साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदा नेहमीसारखा लागतो, नंतर तो आधार संपतो. ब्रेक गेलेले नसतात, पाय कितीतरी जोराने दाबावा लागतो. म्हणून पेडल पुन्हा पुन्हा मारायचं नाही, एकदाच दाबून धरायचं. किल्ली काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं. आणि उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची, कारण चाकं इंजिनला फिरवत राहतात, इंजिनचा रोध मिळतो आणि ब्रेकलाही मदत होते. न्यूट्रल केलं की तेही गेलं. मला त्या दिवशी यातलं अर्धंच माहीत होतं. क्लच सोडून दिला तो घाबरून, पण तेच बरोबर ठरलं. हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. डावं चाक गटारात उतरलं आणि थांबलो.

मागून चिपळूणची एसटी येत होती. कंडक्टर छत्री न घेताच उतरला, त्याने आधी चाकापुढे दोन दगड लावले आणि मग मला विचारलं, "ताई, कुणाला लागलं नाही ना?" मुलाचा पट्टा लावलेला होता, काही झालं नाही. वीस मिनिटांनी गाडी एका स्टार्टरला चालू झाली, जणू काही घडलंच नव्हतं.

आता कस्टमर केअर. दुसऱ्याच आठवड्यात गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड आला नाही. मग त्याने मिस्टरांकडे बघून विचारलं, "गाडी मॅडम चालवत होत्या का?" हो म्हटल्यावर म्हणाला, "घाटात क्लच नीट दाबला नाही की होतं असं." इंजिनला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, १,८५० रुपये घेतले. रात्री भाऊजींचा फोन आला. तेही तेच म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे तीन वर्षं होती, एकदा बंद पडली नाही. तुम्ही हाफ क्लचवर चालवता."

मी २००६ पासून गाडी चालवते. माझ्या हातून एक खरचटासुद्धा गेलेला नाही. तरी त्या रात्री मी स्वतःवरच संशय घेतला, आणि मला आजही राग येतो तो याचाच. पुढचे दोन महिने मी कुंभार्ली घाटात गाडी नेली नाही, वडिलांना भेटायला एसटीने गेले.

सप्टेंबरात मल्हारपेठेजवळ सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा तशीच बंद पडली. या वेळी मिस्टर चालवत होते.

डिसेंबरात आमच्या पतसंस्थेतल्या एका कर्मचाऱ्याने सहज सांगितलं, त्याच्या गाडीचा पंप कंपनीने फुकट बदलून दिला. गाडी त्याच मॉडेलची. मी तिथेच, जेवणाच्या सुट्टीत, विम्याच्या पॉलिसीवरून चासी नंबर बघून कंपनीच्या पानावर टाकला. उत्तर आलं: या वाहनासाठी फ्युएल पंप बदलण्याची मोहीम प्रलंबित. ही मोहीम म्हणजेच रिकॉल, आणि तो मार्चमध्ये सुरू झाला होता. म्हणजे आम्ही घाटात थांबलो त्याच्या चार महिने आधी.

मी टोल फ्री नंबरवर फोन केला. तिथली मुलगी फार नीट बोलली. म्हणाली, "मॅडम, मेसेज गेलेला दिसतोय, पण तो बोरिवलीच्या नंबरवर." भाऊजींना विचारलं. आठवलं त्यांना. "आला होता खरा. मोफत तपासणी असं काहीतरी होतं, मला वाटलं सर्व्हिसची जाहिरात."

पंप दुसऱ्या शहरातल्या सेंटरला बदलून घेतला, दोन तास लागले, पैसा लागला नाही. तिथल्या सुपरवायझरने जुना पंप हातात घेऊन दाखवला. आत प्लास्टिकचं छोटं चक्र असतं. ते पेट्रोल शोषून फुगतं, पंपाच्या अंगाला घासतं आणि अडकतं. थोड्या वेळाने सुटतं, म्हणून वीस मिनिटांनी गाडी चालू होते आणि स्कॅनरवर काही दिसत नाही. आणि त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मी विसरणार नाही. जॉब कार्ड, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद, उघडताना चासी नंबर टाकला की प्रलंबित मोहीम स्क्रीनवर आपोआप येते. म्हणजे जुलैत आमच्या पहिल्या अ‍ॅडव्हायझरच्या समोर ती आली होती. त्याने स्क्रीन वाचायच्या ऐवजी, चालवत कोण होतं ते विचारलं.

तर तुम्ही काय करायचं. चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसलं की शून्य समजा. आरसीवर, पॉलिसीवर आणि गाडीवर कोरलेला, तिन्हीकडे जुळतो का बघा. कंपनीच्या वेबसाइटवर "रिकॉल" शोधून सापडलं नाही तर "सर्व्हिस कॅम्पेन" शोधा, बऱ्याच कंपन्या रिकॉल हा शब्दच टाळतात. आणि त्याच दिवशी कंपनीच्या नोंदीत मालकाचं नाव आणि मोबाइल बदलून घ्या. आरसी नावावर झाली म्हणजे हे होत नाही. रिकॉल गाडीच्या चासीला चिकटलेला असतो, माणसाला नाही. पहिला मालक असो की चौथा, काम फुकटच व्हायला हवं.

फोनवर बोलून भागत नाही. आमच्याकडे पतसंस्थेत साधा अर्ज आला तरी आवक नंबर पडतो, पोच दिली जाते. तसंच इथेही करा. जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, "दोष आढळला नाही" असेल तर तेही लिहून द्या म्हणावं. माझ्या जुलैच्या जॉब कार्डवर "चालू गाडीत इंजिन बंद पडते" हे वाक्य मी हट्टाने लिहून घेतलं होतं, म्हणूनच पुढे १,८५० रुपये परत मिळाले. तेही कंपनीला ईमेल आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, असं दोन्ही केल्यावर. हेल्पलाइनने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं.

सरकारी बाजूही माहीत असू द्या. आपल्याकडे २०१२ पासून कंपन्या स्वखुशीने गाड्या परत बोलवायच्या. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात ११०अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. हे सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहे, तुमची बसते. दोषाची तक्रार नोंदवायला परिवहन खात्याच्या "वाहन" पोर्टलवर सोय आहे. लोक ती वापरत नाहीत, गॅरेजवाल्याला शिव्या देऊन मोकळे होतात. तिथे नोंदवलेली तक्रार मोजली जाते, चहाच्या टपरीवर केलेली नाही.

पहिल्या मालकाला मेसेज पाठवून कंपनी हात झटकते हे मला मान्य नाही. आरसी कुणाच्या नावावर आहे ते सरकारला माहीत असतं, मग पत्र त्याच नावाने जायला हवं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल. त्यातल्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं, अमोनियम नायट्रेट हे रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडायचं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर उडायचे. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले, आपल्याकडच्या गाड्याही त्यात होत्या आणि टाकाटाने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्या दोषात जितकी गाडी जुनी आणि हवा दमट, तितका धोका जास्त. आणि जितकी गाडी जुनी, तितके तिचे मालक बदललेले. मुंबईत वापरून झालेल्या किती गाड्या कोकणात येतात, ते आमच्या माहेरच्या गल्लीत उभं राहून बघा.

वाढीव वॉरंटीचं म्हणाल तर, अटी वाचून घ्या. रिकॉलसाठी तिची गरज नाही, एवढं नक्की. ती नाही म्हणून कुणी रिकॉलचं काम अडवत असेल तर तसं लिहून मागा, बहुतेक लगेच मान्य करतात.

एक-दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. गाडी बंद पडली की रिकॉलच असतो असं नाही. बॅटरीची टर्मिनल सैल असतात, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असतं, आणि क्लचमुळेही गाडी बंद पडतेच. आमचा गॅरेजवाला प्रामाणिक आहे, ब्रेक पॅड आणि ऑइलसाठी मी आजही त्याच्याकडेच जाते. फक्त वर्षातून एकदा चासी नंबर टाकून बघते, पावसाळ्याआधी. आणि ब्रेकचं वर लिहिलंय ते हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना जसंच्या तसं लागू होत नाही, तुमच्या गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडा.

भाऊजी आजही म्हणतात, "मेसेज जाहिरातीसारखा होता, माझं काय चुकलं?" मेसेज तसा होता, हे मी मान्य करते. पण गाडी विकताना पाच मिनिटं काढून कंपनीला आमचा नंबर कळवला असता, तर तो मेसेज माझ्याकडे आला असता आणि मी तो वाचला असता. "हाफ क्लच"बद्दल मात्र ते अजून काही बोललेले नाहीत. गेल्या दिवाळीत त्यांनी ती मोठी गाडीही विकली. पाडव्याला ओवाळताना मी विचारलं, घेणाऱ्याचा नंबर कंपनीला दिलात का? म्हणाले, "देतो वहिनी." भाऊबीजेला पुन्हा विचारलं. मग मीच त्यांच्या फोनवरून टोल फ्री नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन त्यांच्या हातात दिला.